कोणाच्या जागी?

२०२३ साली जून ते ऑगस्ट असे तीन महिने मी मेलबर्नमध्ये पुतण्याकडे राहिलो. तिथे तेव्हा हिवाळा असतो. पुतण्या आणि सूनबाई सकाळी कामाला गेले की घरात मी एकटा. शेजारच्या घरात सत्तरीतल्या एक बाई राहत होत्या, त्याही एकट्याच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहाला बोलावले. त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लावलेला होता. कागदावर दोन रकाने, डावीकडे तीन नावे, उजवीकडे तीन नावे आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक आडवी रेघ. मला वाटले, कसल्या तरी पाळ्या लावलेल्या असतील. बाई हसल्या. म्हणाल्या, "शनिवारी आम्ही हरलो. हे माझे बदल आहेत. प्रशिक्षक त्याचे बदल गुरुवारी सांगेल."

'आम्ही' म्हणजे सेंट किल्डा. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, तिथल्या बोलीत 'फूटी'चा, मेलबर्नमधला एक जुना क्लब. बाईंनी हयातीत एकदाही सामना खेळलेला नव्हता. तरी हरल्यानंतर संघात कोणते बदल करायचे, याचा त्या दर आठवड्याला पूर्ण विचार करत आणि तो कागदावर उतरवत. पुढच्या तीन महिन्यांत मला कळले की त्या अपवाद नाहीत. ट्राममध्ये, दारूच्या गुत्त्यावर, न्हाव्याच्या दुकानात, रेडिओवर फोन करून लोक सोमवार ते गुरुवार हेच बोलत असतात. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर काढायचे.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. एका सहकारी बँकेत लेखनिक होतो. खेळांच्या जुन्या गुणपत्रिका आणि संघांच्या याद्या जमवणे हा माझा पंचवीस वर्षांचा नाद, तोही मुख्यतः कबड्डीपुरता. पण त्या कागदाने मला पकडले. स्वॅन्स्टन स्ट्रीटवरच्या राज्य ग्रंथालयात बसून मी जुनी वर्तमानपत्रे चाळली, परत आल्यावरही वाचत राहिलो. या लेखात त्या वादाची रीत समजावून सांगण्याचा प्रयत्न आहे. त्या वादाशी माझे स्वतःचेही एक जुने देणे आहे. त्याबद्दल शेवटी.

आधी खेळाविषयी थोडे. मेलबर्नचा क्रिकेटपटू टॉम विल्स याने १८५८ साली एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, १८५९च्या मे महिन्यात, विल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियम लिहून काढले. तोच हा खेळ. क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर तो खेळतात. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू लांबोळा. तो पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, फेकायचा मात्र नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांच्या आतून गेला तर एक गुण, त्याला 'बिहाइंड' म्हणतात. म्हणून गुणफलकावर ९.१४ (६८) असे लिहिलेले दिसते. नऊ गोलांचे चोपन्न, अधिक चौदा, एकूण अडुसष्ट.

हा खेळ साऱ्या ऑस्ट्रेलियाचा नाही. सिडनी आणि ब्रिस्बेनकडे रग्बी, तर मेलबर्न, ॲडलेड, पर्थकडे फूटी. इयन टर्नर नावाच्या इतिहासकाराने १९७८ साली या दोन प्रदेशांमधल्या काल्पनिक सीमेला रॉन बरासी या नामवंत खेळाडूचे नाव दिले. ती 'बरासी रेषा' म्हणून आजही ओळखली जाते. राष्ट्रीय स्पर्धेतल्या अठरा क्लबांपैकी नऊ एकट्या मेलबर्न शहरातले आहेत. कॉलिंगवुड, कार्लटन, एसेंडन, रिचमंड, सेंट किल्डा ही क्लबांची नावे म्हणजे शहरातल्या उपनगरांचीच नावे. पूर्वी खेळाडूही बहुधा त्याच भागात राहत आणि तिथेच कामाला जात. १९८०च्या दशकात खेळाडूंची देशभरातून वाटणी करण्याची पद्धत आली आणि हा धागा तुटला. खेळाडू आता कुठूनही येतो. उपनगरात उरला आहे तो पाठीराखा, आणि आपला संघ आपणच निवडायचा हा त्याचा हट्ट.

आता आठवड्याचा क्रम. सामने साधारण शुक्रवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत चालतात. पुढच्या सामन्याचे संघ गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात. रविवारी खेळणाऱ्यांची आधी थोडी मोठी यादी लागते, मग अंतिम. क्लबाकडे हंगामासाठी चाळीसेक खेळाडू असतात. बाहेरून कोणाला आणायचे म्हटले तर हंगाम चालू असताना फारशी वाट नसते. या चाळीसांतून मैदानावर अठरा आणि बदलीला मोजके. मी तिथे होतो तेव्हा एकूण तेवीस निवडले जात. म्हणजे दर आठवड्याला पंधरा-सतरा जण बाहेर राहतात. त्यांतले काही जखमी, बाकीचे धडधाकट. धडधाकट असूनही न निवडलेल्यांवरच सारा वाद चालतो.

वर्तमानपत्रात संघ छापण्याची एक ठरलेली पद्धत आहे. बचावाच्या टोकापासून आक्रमणाच्या टोकापर्यंत तीन-तीन नावांच्या पाच ओळी, सहाव्या ओळीत मैदानभर चेंडूमागे फिरणारे तिघे, आणि खाली राखीव. प्रत्यक्षात आजचा खेळाडू जागेला चिकटून राहत नाही, पण छापण्याची चौकट टिकून आहे. त्याच्याखाली दोन शब्दांची शेपटी असते, 'इन' आणि 'आउट'. जुना पाठीराखा वरची अठरा नावे वाचतच नाही, त्याचा डोळा थेट शेपटीवर जातो.

'आउट'मधल्या प्रत्येक नावापुढे कंसात कारण असते. जखमी, निलंबित, किंवा 'ओमिटेड', म्हणजे वगळलेला. अलीकडे 'मॅनेज्ड' असाही एक शब्द निघाला आहे. त्याचा अर्थ विश्रांती दिली, शरीर सांभाळले. लोक या कंसांचे भाष्यकार असतात. शेजारच्या बाई चष्मा लावून तो कंस वाचत आणि म्हणत, "सांभाळला म्हणे! आईने तरी एवढं सांभाळलं असेल का?" क्लब 'ओमिटेड' लिहितो, लोक 'ड्रॉप्ड' म्हणतात. पहिला शब्द कार्यालयीन आहे, दुसऱ्यात हातातून वस्तू सुटून पडल्याचा आवाज आहे. घटना एकच, पण दुसरा शब्द वापरणाऱ्याने पडणाऱ्याकडे पाहिलेले असते.

या वादाला नियम आहेत, हे मला उशिरा उमगले. पहिल्यांदा मी बाईंसमोर शहाणपणा करायला गेलो. रविवारी दूरदर्शन संचावर सेंट किल्डाचा सामना पाहिला होता. एक तरुण खेळाडू शेवटच्या काही मिनिटांत चमकला. मी म्हणालो, "याला सुरुवातीपासून खेळवायला हवं." बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारले, "कोणाच्या जागी?"

मला उत्तर देता आले नाही. त्या म्हणाल्या, हा प्रश्न त्यांच्या वडिलांचा. घरात जेवणाच्या टेबलाशी कोणीही कोणाला संघात घ्या म्हटले की वडील हाच प्रश्न टाकत. उत्तर नसेल तर बोलणाऱ्याची पाळी संपली. कागदावरच्या त्या आडव्या रेघा म्हणजे वडिलांचा प्रश्न होता. रेघ नसलेले नाव लिहायचेच नाही.

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. खेळाडूला खेळाडू, असा हिशेब इथे चालत नाही. चेंडू वर उडवल्यावर उडी मारून तो आपल्या बाजूला ढकलणारा 'रकमन' दोन मीटरच्या आसपास उंच असतो. त्याच्या जागी चपळ पण बुटका घेतला तर ते काम करायला कोणी उरत नाही. बरे, दोन रकमन घेतले तर एक थकल्यावर दुसरा येतो, पण पळणारा एक माणूस कमी होतो. एक की दोन, हा वाद मेलबर्नमध्ये पिढ्यानपिढ्या चालू आहे. त्यात पाऊस. ओल्या चेंडूला उंच झेलणे कठीण, म्हणून पावसात उंच आक्रमक निरुपयोगी ठरतात आणि जमिनीवरचा चेंडू उचलणारे कामी येतात. एमसीजीवर छप्पर नाही. सेंट किल्डाचे घरचे मैदान असलेल्या डॉकलंड्सच्या स्टेडियमचे छप्पर मिटवता येते. तेव्हा सामना कुठे आहे, आभाळ कसे आहे, समोरच्या संघात उंच किती, हे सगळे त्या आडव्या रेघेत येते. बाई बुधवारी रात्री हवामानाचा अंदाज ऐकून कधी कधी एक जोडी खोडत.

बाहेर कोण जाणार ते सांगितल्याखेरीज आत कोणाला घेता येत नाही, ही मला या वादातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटली. आपण संघबदलाच्या गोष्टी सांगतो तेव्हा बहुधा अर्धीच बाजू सांगतो. एमसीजी आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारतीय संघ ३६ धावांत गारद झाला आणि पुढच्या कसोटीसाठी एमसीजीवर चार बदल झाले. गिल आणि सिराज यांचे पदार्पण झाले, पंत आणि जडेजा आले. अजिंक्य रहाणेने ११२ धावा केल्या, आपण आठ गडी राखून जिंकलो. ही गोष्ट आपल्याकडे दहा घरांत सांगितली जाते. बाहेर गेलेले चौघे विचारा. कोहली मुलीच्या जन्मासाठी परतला होता, शमी जखमी होता. वगळले गेले ते साहा आणि आपल्या मुंबईचा पृथ्वी शॉ. ॲडलेडनंतर शॉ कसोटी सामना खेळलेला नाही. बदल बरोबर होते, हे मीही म्हणेन. पण 'आत'ची यादी तोंडपाठ असणाऱ्याला 'बाहेर'ची यादी आठवावी लागते, एवढे खरे.

आता मूळ प्रश्न. केलेला बदल बरोबर होता की चूक, हे कशावरून ठरवायचे? बहुतेक लोक निकालावरून ठरवतात. जिंकलो तर तोच संघ ठेवा, हरलो तर तीन-चार जणांना काढा. पण एका गुणाने जिंकलेल्या आणि एका गुणाने हरलेल्या संघाच्या खेळात फरक कितीसा असतो? सेंट किल्डाला हे कोणी शिकवायला नको. १८९७ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून खेळत असलेल्या या क्लबाला विजेतेपद एकदाच मिळाले आहे, १९६६ साली, कॉलिंगवुडविरुद्ध, एका गुणाने. तो गुण गोलाचा नव्हता, बाजूच्या खांबाच्या आतून गेलेला बिहाइंड होता. बाई तेव्हा शाळेत होत्या.

बदलाची खरी पारख करायची तर तोच सामना, त्याच प्रतिस्पर्ध्याशी, त्याच मैदानावर पुन्हा खेळून पाहायला हवा. हे कधी होत नाही. २०१० साली मात्र जवळजवळ तसेच झाले.

२५ सप्टेंबर २०१० रोजी एमसीजीवर अंतिम सामना होता. कॉलिंगवुड आणि सेंट किल्डा, पुन्हा तेच दोघे. प्रेक्षक १,००,०१६. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा कॉलिंगवुड ९.१४ (६८), सेंट किल्डा १०.८ (६८). बरोबरी. तेव्हा अंतिम सामन्याला जादा वेळाची तरतूद नव्हती. नियम असा, की पुढच्या शनिवारी सामना पुन्हा खेळायचा. खेळाडू मैदानावर बसून राहिले. आनंद करायचा की दुःख, हे एक लाख माणसांना कळेना. बाई तिथे होत्या. "घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. "मग कोणी तरी म्हणालं, ते बदल करतील का?"

कॉलिंगवुडचे प्रशिक्षक मिक माल्टहाउस. त्यांचा संघ हरलेला नव्हता, जिंकलेलाही नव्हता. निकालावरून ठरवण्याची सोय नव्हती. त्यांनी एक बदल केला. लिऑन डेव्हिस या कारकिर्दीत दोनशेहून अधिक सामने खेळलेल्या, चकवा देण्यात निष्णात खेळाडूला बाहेर ठेवले आणि टायसन गोल्डसॅकला आत घेतले. २ ऑक्टोबरला दुसरा सामना झाला. पहिला गोल गोल्डसॅकने मारला. कॉलिंगवुड १०८, सेंट किल्डा ५२. फरक ५६ गुणांचा.

वाचकांना वाटेल, हा घ्या पुरावा. मलाही वाटले होते. पण ५६ गुणांपैकी गोल्डसॅकचा तो गोल सहा गुणांचा. बाकीचे पन्नास? आठवड्याभरात एक संघ ताजातवाना झाला असेल, दुसरा मनातून थकला असेल. डेव्हिस असता तरी कदाचित पन्नासने जिंकले असते. कोणी सांगू शकत नाही. जगातला सर्वांत स्वच्छ प्रयोग म्हणावा असा हा प्रसंग, आणि त्यातूनही उत्तर मिळत नाही. बाईंना प्रतिस्पर्धी संघाने केलेला हा एकच बदल तेरा वर्षांनंतर तोंडपाठ होता. त्या म्हणाल्या, "त्यांनी डेव्हिसला ठेवलं असतं तर आम्ही जिंकलो असतो, असं मी दहा वर्षं म्हणत होते. आता नाही म्हणत. पण त्या मुलाचं काय झालं असेल त्या गुरुवारी, ते मनात येतं." अंतिम सामन्याच्या विजेत्या संघात पदक मिळते ते त्या दिवशी निवडलेल्यांनाच. डेव्हिस पहिल्या, बरोबरीच्या सामन्यात खेळला होता. त्या सामन्याला पदक नव्हते.

बदलाने खरोखरच सामना फिरला असे ज्याच्याविषयी साऱ्या मेलबर्नचे एकमत आहे, तो प्रसंग १९७०चा. अंतिम सामना कॉलिंगवुड आणि कार्लटनमध्ये. प्रेक्षक १,२१,६९६. हा विक्रम अजून मोडलेला नाही. मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे. तेव्हा आजच्यासारखी मुक्त अदलाबदल नव्हती, ती १९७८ साली आली. दोन राखीव खेळाडू असत आणि बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ शकत नसे. म्हणजे 'कोणाच्या जागी' या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले की दिले. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी, ज्यांच्या नावाची रेषा वर आली तेच. त्यांनी बर्ट थॉर्नली याला बाहेर घेतले आणि टेड हॉपकिन्स या लहान चणीच्या राखीव खेळाडूला पाठवले. हॉपकिन्सने चार गोल मारले. कार्लटन दहा गुणांनी जिंकले.

चार गोल म्हणजे चोवीस गुण, विजय दहाचा. हिशेब चोख लागतो. पण बरासींनी मध्यंतराला आणखी एक गोष्ट सांगितली होती. थांबून लांब लाथा मारू नका, मुठीने चेंडू देत पळत राहा. माणूस बदलला आणि रीतही बदलली, दोन्ही एकाच क्षणी. श्रेय कोणाला द्यायचे? लोकांनी माणसाला दिले. माणसाचे नाव लक्षात राहते, रीतीचे नाही.

हॉपकिन्सची गोष्ट इथे संपत नाही. त्याची कारकीर्द तीसेक सामन्यांतच आटोपली. पुढे १९९०च्या दशकात त्याने चॅम्पियन डेटा ही कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. सामन्यातल्या प्रत्येक लाथेची, ठोशाची, झेलाची नोंद करणारी ही कंपनी. आज साऱ्या स्पर्धेची अधिकृत आकडेवारी तिच्याकडून येते, आणि सोमवारच्या वादात लोक जे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात तेही तिचेच. बाकावरून उठून एकदाच अमर झालेल्या माणसाने मोजमापाचे दुकान घालावे, यात मला काही तरी योग्य वाटते. पण मोजमापालाही आंधळी जागा आहे. चेंडू ज्याच्या हाती येतो त्याची नोंद होते. समोरच्याच्या हाती चेंडू येऊच दिला नाही अशा बचावपटूच्या नावापुढे आकडा छोटा दिसतो. बाईंच्या कागदावर उजव्या रकान्यात असे बचावपटू क्वचित येत. त्या म्हणत, "याचं काम वहीत दिसत नाही, मैदानाच्या कठड्यावरून दिसतं."

मग १९९३. एसेंडनचा डेरेक किकेट त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत एकही सामना चुकलेला नव्हता. अंतिम सामन्याच्या संघातून प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी त्याला वगळले. एसेंडनने कार्लटनला ४४ गुणांनी हरवले. निकालाच्या न्यायाने शीडी बरोबर. किकेट क्लब सोडून सिडनीला गेला आणि बरीच वर्षे शीडींशी बोलला नाही. या घटनेला तीस वर्षे झाली तरी तो वाद मिटलेला नाही. मोठ्या विजयानेही तो मिटला नाही, तेव्हाच माझ्या लक्षात आले की वाद जिंकण्याचा नव्हताच. वाद असा होता, की वर्षभर जो राबला त्याचे शेवटच्या दिवशी काही देणे लागते की नाही? संघ सर्वांत बलवान असावा, हे एक तत्त्व. ज्याने ओझे वाहिले त्याला पंक्तीला बसवावे, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत, आणि जागा एकच असते.

या देण्याची जाण कधी कधी प्रशिक्षकही दाखवतो. २०१६ साली वेस्टर्न बुलडॉग्ज १९५४ नंतर पहिल्यांदा जिंकले. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावून बसला होता, अंतिम सामना त्याने बाहेरून पाहिला. बक्षीस समारंभात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावले आणि स्वतःला मिळालेले पदक त्याच्या गळ्यात घातले. मर्फी जखमी होता, वगळलेला नव्हता, त्यामुळे हे औदार्य सोपे होते असे कोणी म्हणेल. तरी मैदानावर नसलेल्या माणसाची आठवण त्या क्षणी ठेवली गेली, हे महत्त्वाचे.

जुलैच्या एका गुरुवारी बाईंच्या उजव्या रकान्यातले एक नाव खरोखर 'आउट'मध्ये आले. कंसात 'ओमिटेड'. त्या खूश होत्या. तीन आठवडे त्या हेच मागत होत्या. प्रशिक्षक रॉस लायन, २०१०च्या त्या दोन शनिवारांचेच प्रशिक्षक. मधल्या काळात ते क्लब सोडून पर्थकडच्या फ्रीमँटलला गेले होते आणि त्याच वर्षी परतले होते. "अखेर त्याला दिसलं," बाई म्हणाल्या. शनिवार-रविवारी त्या मला सँडरिंगहॅमला घेऊन गेल्या. समुद्राजवळचे ते छोटे मैदान. सेंट किल्डाचे न निवडलेले खेळाडू तेव्हा सँडरिंगहॅमकडून दुय्यम स्पर्धेत खेळत.

तिथला रिवाज पाहून मी चकित झालो. पाव सामना संपला की प्रेक्षक कठडा ओलांडून मैदानात जातात. मुले चेंडू मारतात, कोणी कुत्रे घेऊन आलेले असते, आणि मोठी माणसे खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभी राहून प्रशिक्षकाचे बोलणे ऐकतात. आम्हीही गेलो. वगळलेला तो मुलगा आमच्यापासून पाच-सहा हातांवर होता. गुडघ्यांना चिखल, तोंडातून वाफ. वय असेल बावीस-तेवीस. प्रशिक्षक बोलत होते आणि तो खाली पाहून मान हलवत होता. बाईंनी पाहिले आणि माझी बाही ओढली. आम्ही कठड्याकडे परत आलो. बराच वेळाने त्या म्हणाल्या, "टीव्हीवर तो मोठा दिसतो."

पुढच्या आठवड्याच्या कागदावर तो डाव्या रकान्यात आला नाही. त्या तत्त्वाच्या पक्क्या होत्या, अजून तो तयार नाही असे त्यांचे मत होते. पण उजव्या रकान्यातली नावे त्या आता आधी लिहू लागल्या. आधी बाहेर कोण हे ठरवायचे, मग आत.

आता माझ्या देण्याबद्दल. १९९४ साली आमच्या गावच्या मंडळाचा कबड्डी संघ तालुक्याच्या स्पर्धेला जायचा होता. बारा जणांची यादी, सात खेळणारे, पाच राखीव. मी खेळाडू नव्हतो, गुणलेखक होतो, आणि अक्षर बरे म्हणून यादी माझ्या हातची असायची. निवडीच्या बैठकीत शेवटच्या नावावर अडले. उजव्या कोपऱ्यावर चार वर्षे खेळलेला माझा मित्र आदल्या सामन्यात दोनदा फसला होता. कोणी तरी म्हणाले, नवा घ्या. मला विचारले तेव्हा मी वही पाहून सांगितले, गेल्या तीन सामन्यांत याच्या पकडी किती. आकडा लहान होता. चढाई करणारा त्याच्या कोपऱ्याकडे जातच नसे, हे त्या आकड्यात नव्हते. यादी मी लिहिली, फळ्यावर मीच लावली. तो सायकलवरून आला, वाचून गेला, आणि पुन्हा कधी मैदानात उतरला नाही. आमचे बोलणे तुटले नाही, पण तो विषय कधी निघाला नाही.

मेलबर्नहून परतल्यावर दिवाळीत गावी गेलो. त्याची पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी फ्रिजवरच्या कागदाची गोष्ट सांगितली, आणि मग त्या यादीचा विषय काढला. त्याने पट्टा थांबवला.

"तुझ्या अक्षरात होती," तो म्हणाला.

"चूक झाली असेल माझी," मी म्हणालो.

"चूक कशाची? मी फसलो होतो दोनदा." मग थोडे थांबून त्याने विचारले, "माझ्या जागी कोण घेतला होता, आठवतं का तुला?"

मला आठवेना. घरी जुन्या वह्या आहेत, त्यांत सापडले असते. त्याने नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, आणि तो तालुक्याला पहिल्या सामन्यात कसा खेळला तेही सांगितले. चांगला खेळला होता. मित्र तो सामना बघायला गेला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हते.